नाक कायम चोंदलेलं पण शिंकरलं तर काहीच निघत नाही: टर्बिनेटच्या (नाकातल्या मऊ वळ्यांच्या) सुजेसाठी काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

आमच्या घरात चार नाकं चोंदायची. माझं, नवऱ्याचं, धाकट्या बहिणीचं आणि लेकाचं. चौघांचं गाऱ्हाणं शब्दाला शब्द एकच, "सर्दी नाहीये पण नाक बंद आहे", आणि चौघांचं कारण मात्र वेगवेगळं निघालं. माझं स्वतःचं तर मोकळं होऊन परत जाम व्हायचं, असं चार-पाच वेळा झालं, आणि दरवेळी मी मधूनच कुठूनतरी सुरुवात करायचे, एकदा थेट गोळ्या, एकदा थेट ऑपरेशनची चौकशी, आणि ज्याला एक पैसा लागत नाही ते सगळ्यात शेवटी बघायचे. आता उलटं करते, फुकटचं आणि सोपं आधी, मग थोड्या खर्चाचं, मग डॉक्टर. तोच क्रम इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे घरच्या घरी पुढे जायचं नाही तिथे तसं स्पष्ट लिहिलंय, आणि शेवटी धोक्याच्या लक्षणांचा एक भाग आहे तो निदान एकदा नजरेखालून घालून मगच बाकीचं करा.

आधी लक्षणं जुळतात का बघा

नाक गच्च वाटतं, शिंकरलं तर रुमालावर काही येत नाही, आलं तर जरासं पाणी. बंद बाजू बदलत राहते, सकाळी डावी तर दुपारी उजवी. आडवं झालं की वाढतं, कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी बंद आणि कूस बदलली की थोड्या वेळाने ती उघडते आणि दुसरी बसते. भरभर चाललं किंवा जिने चढले की नाक आपोआप मोकळं होतं आणि निवांत बसलं की परत तेच. सकाळी उठल्यावर तोंड कोरडंठाक, घसा खरखरीत, घशाच्या मागून काहीतरी पाझरतंय असं सारखं वाटतं, वास कमी येतो, बोलणं गेंगाणं होतं, रात्री घोरणं.

यातलं बरंचसं जुळत असेल आणि हे महिनोन्‌महिने चाललं असेल तर बहुतेक करून तुमच्या नाकात शेंबूड साठलेला नाहीये, आतलं अस्तर सुजलेलं आहे. म्हणून शिंकरून काही होत नाही, आणि जोरजोरात शिंकरत राहिलं तर उलट अस्तर अजून चिडतं.

नाकाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आतून वळ्या असतात, बहुतेकांना प्रत्येक बाजूला तीन, खालची मधली आणि वरची, आत पातळ हाड आणि वरून मऊ अस्तर. त्याच या टर्बिनेट. खालची सगळ्यात मोठी आणि बहुतेक वेळा त्रास देणारी हीच. तिच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं स्पंजसारखं जाळं असतं, रक्त भरलं की ते फुगतं आणि ओसरलं की बसतं. आत येणारी हवा गरम करायची, ओलसर करायची, धूळ अडवायची, हे काम ती दिवसभर करत असते. म्हणजे टर्बिनेट ही काही नको असलेली गाठ नाही, ती सुजलीये कारण तिला कोणीतरी सुजवतंय, आणि खालच्या सगळ्या तपासण्या त्या "कोणीतरी"चा शोध घेण्यासाठी आहेत.

एक घोळ इथेच सोडवून टाकते. लोक "नाकातलं हाड वाढलंय" आणि "नाकातलं मांस वाढलंय" ही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी वापरतात. हाड वाढलंय म्हणतात तेव्हा बहुतेकदा मधला पडदा वाकडा असतो, आणि मांस वाढलंय म्हणजे कधी टर्बिनेट सुजलेली असते तर कधी पॉलिप, म्हणजे अस्तरातून वाढलेला मऊ फुगवटा, असतो. तीन वेगळ्या गोष्टी, तीन वेगळे उपाय. तेव्हा कोणी असं सांगितलं की पुढचा प्रश्न विचाराच, नेमकं काय वाढलंय?

दोन दिवस नुसतं बघा, काहीही करू नका

ही सगळ्यात सोपी तपासणी आणि हीच सगळे गाळतात. निरोगी नाकसुद्धा दिवसभर दोन्ही बाजूंनी सारखं उघडं नसतं. एका बाजूची टर्बिनेट फुगते, दुसरीकडची बसते, आणि काही तासांनी अदलाबदल होते. रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये हे लिहून ठेवलंय. एरवी आपल्याला ते जाणवतही नाही, पण आधीच सूज असली की हीच रोजची फिरती "बंद नाक" म्हणून जाणवायला लागते.

मी काय करते, स्टीलचा एक सपाट चमचा थोडा गार करून घ्यायचा, वरच्या ओठावर आडवा धरायचा आणि तोंड मिटून नाकाने अलगद श्वास सोडायचा. चमच्यावर वाफेचे दोन डाग उमटतात. माझ्या वाईट दिवसांत उजवीकडचा डाग चांगला मोठा, पसरट यायचा आणि डावीकडचा जेमतेम मुगाच्या दाण्याएवढा, तोही बघेपर्यंत उडून जायचा. दर दोन तासांनी बघा आणि कागदावर नुसतं डावा मोठा की उजवा मोठा एवढं लिहा. दोन दिवसांत चित्र कळतं.

डाग बाजू बदलत असतील तर सूज अस्तराची आहे, म्हणजे औषधाने, पाण्याने, सवयीने हलणारी आहे, ही चांगली बातमी. दोन्ही दिवस एकच बाजू लहान राहिली तर तिथे पडदा वाकडा असू शकतो किंवा आत काहीतरी अडथळा असू शकतो, आणि मोठ्या माणसाचं नाक एकाच बाजूने कायम बंद असेल तर बाकीच्या तपासण्यांमध्ये वेळ घालवू नका, सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन आत बघून घ्या.

उशीखालची बाटली

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझं स्वतःचं कारण हेच होतं आणि ते सापडायला मला अडीच वर्षं लागली.

तुमच्याकडे नाक दोन मिनिटांत मोकळं करणारा स्प्रे किंवा ड्रॉप्स असतील तर बाटली हातात घ्या आणि घटक वाचा. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलेलं असेल तर आधी ही तपासणी पूर्ण करा, पुढची कुठलीही त्याशिवाय खरी उत्तरं देणार नाही. ही औषधं टर्बिनेटमधल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून जादू झाल्यासारखं वाटतं. पण असर उतरला की त्या वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग परत स्प्रे, मग अजून फुगतात. साधारणपणे ३ ते ५ दिवसांच्या वर वापरायचं नाही असं म्हणतात ते याचसाठी. त्यापुढे सर्दी कधीच गेलेली असते आणि नाक बंद ठेवणारी गोष्ट स्प्रे स्वतःच असते.

मला रात्री तीनला जाग यायची, डोळे मिटलेलेच, हात उशीखाली जायचा, बाटलीचं टोपण अंगठ्याने उडवायचं ते कुठेतरी पांघरुणात पडायचं, दोन्हीकडे एक एक फवारा, कडवट चव घशात उतरायची आणि मिनिटभराने आतून "फट्‌" असा बारीक आवाज होऊन हवा आत जायची. सुरुवातीला हे आठ तास पुरायचं, मग सहा, शेवटी शेवटी तीन. तास कमी कमी होत जाणं हीच याची खूण आहे. तुमचे तास कमी होत असतील तर कारण सापडलंय तुमचं.

सोडायचं कसं, तर मी एका नाकपुडीपासून सोडलं. डाव्या बाजूला पूर्ण बंद, उजव्या बाजूला चालू, म्हणजे रात्री श्वास घ्यायला एक बाजू राहते. पहिले तीन-चार दिवस डावी बाजू भिंतीसारखी बंद होती, झोप लागेना, चिडचिड, डोकं जड. साधारण आठवड्याने ती उघडायला लागली, मग उजवीकडचं बंद केलं. या काळात डॉक्टरांनी मला खाली लिहिलेला स्टिरॉइडचा स्प्रे दिला होता आणि मिठाच्या पाण्याने नाक धूत होते, त्याने खूप आधार मिळाला. पूर्ण सुटायला तीन आठवडे गेले. काही जणांना कमी लागतात, काहींना जास्त. मनाची तयारी ठेवून करा आणि वर्षभरापेक्षा जास्त वापरत असाल, किंवा ब्लड प्रेशर, हृदयाचा त्रास, काचबिंदू असेल तर डॉक्टरांना सांगूनच करा. आणि हे व्यसन आहे, लाजिरवाणं आहे वगैरे कृपा करून मनात आणू नका, हे शरीराचं साधं यंत्र आहे, ते असंच चालतं.

बाटली बघतच आहात तर बाकीच्या गोळ्याही टेबलावर काढा. ब्लड प्रेशरची काही औषधं, प्रोस्टेटसाठीची काही, गर्भनिरोधक गोळ्या, पुरुषांच्या लैंगिक तक्रारींसाठीचं सिल्डेनाफिल, यांनी काही जणांचं नाक चोंदतं. नाक बंद होणं आणि एखादी गोळी सुरू होणं यांच्या तारखा जवळ जवळ येत असतील तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून गोळी बंद करायची नाही, ब्लड प्रेशरची तर अजिबातच नाही, पर्याय असतात आणि ते त्यांनी द्यायचे असतात.

बहिणीचं कारणही औषधाच्याच जवळपासचं, पण औषध नव्हे, गरोदरपण. सहाव्या महिन्यात नाक गच्च झालं, ना शिंका ना खाज, आणि बाळ झाल्यावर दोन आठवड्यांत आपोआप गेलं. त्या काळात तिने फक्त मिठाचं पाणी आणि डोक्याखाली उंच उशी एवढंच केलं, बाकी काहीही तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेतलं नाही. थायरॉइड कमी असलं तरी नाक असं चोंदू शकतं, म्हणून सोबत थकवा, वजन वाढणं, फार थंडी वाजणं असेल तर ती रक्ततपासणी डॉक्टरांशी बोलून करून घ्या.

गाल ओढून बघा

आरशासमोर उभं राहा, नाकाच्या शेजारी गालावर दोन बोटं ठेवा आणि गाल हळूच बाहेर, कानाच्या दिशेने ओढा आणि नाकाने श्वास घ्या. मग दुसरी बाजू. ओढल्याबरोबर एकदम मोकळं वाटलं तर अडचण टर्बिनेटच्या पुढे, नाकाच्या तोंडाशी असू शकते, तिथे हवेची वाट सगळ्यात अरुंद असते. जोराचा श्वास घेताना नाकपुड्या आत ओढल्या जाऊन चिकटतायत का तेही बघा. सूज असलेल्यांनाही गाल ओढल्यावर थोडं बरं वाटतंच, तेव्हा एवढ्यावर निकाल लावू नका, पण नवऱ्याचं गाडं इथेच सुटलं. त्याच्यावर वर्षभर ॲलर्जीचे उपचार चालले होते आणि प्रत्यक्षात पडदा पुढच्या बाजूला वाकडा आणि नाकपुडी आत बसत होती. रात्री नाकावर लावायची चिकटपट्टी मिळते, नाकपुड्या बाहेरून ताणून धरणारी, ती लावून दोन-तीन रात्री झोपून बघा, फरक पडला तर हाच धागा पक्का होतो आणि डॉक्टरांनाही सांगता येतं.

टॉर्च लावून आत बघितल्यावर जे दिसतं

खूप जण रात्री मोबाईलचा टॉर्च लावून नाकात बघतात, आत गुलाबी गुळगुळीत गोळा दिसतो आणि पुढची सगळी रात्र "गाठ आहे, गाठ आहे" करत काढतात. मीही काढलीये. बहुतेक वेळा तो गोळा म्हणजे खालच्या टर्बिनेटचं पुढचं टोक असतं, प्रत्येकाच्या नाकात असतं, दोन्हीकडे असतं. ते बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं, गुलाबी किंवा लालसर असतं, ॲलर्जी असली की फिकट निळसर दिसू शकतं. पॉलिप हा सोललेल्या द्राक्षासारखा, करडा, ओलसर, थोडा पारदर्शक दिसतो आणि त्याला स्पर्श फारसा कळत नाही, टर्बिनेटला मात्र नुसता धक्का लागला तरी डोळ्यात पाणी येतं. पण म्हणून कापूस, काडी काहीही आत घालून टोचून बघायचं नाही. करडं काही दिसलं किंवा दोन बाजूंत स्पष्ट फरक दिसला तर डॉक्टरांनी दुर्बिणीने बघायचं काम आहे ते.

झोपायची खोली

सकाळी उठल्यावर सगळ्यात वाईट आणि दुपारपर्यंत बरं, दुसरीकडे झोपलं की फरक, सोबत शिंकांची माळ, नाकाला आणि डोळ्यांना खाज, असं असेल तर ॲलर्जी आणि त्यातही धुळीतले किडे, म्हणजे डस्ट माइट, यांचा संशय घ्या. डोळ्यांना न दिसणारे हे जीव गादी, उशी, जाड पडदे आणि कापडी खेळण्यांमध्ये राहतात, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि ॲलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेची असते. लेकाचं हेच होतं, आणि तो ज्या कापडी सशाला नाक लावून झोपायचा तो दोन वर्षांत एकदाही धुतलेला नव्हता.

चादरी आणि उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा, कोमट पाण्याने माइट मरत नाहीत. गादी-उशीला घट्ट विणीची, चेन असलेली कव्हर घाला. खोलीत ओल असेल तर ती घालवा, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर त्यांची वाढ रोखली जाते, भिंतीवरची बुरशीही वेगळी ॲलर्जी देते. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. पाळीव प्राणी असेल तर निदान झोपायच्या खोलीत नको. एकच गोष्ट करून फरक दिसत नाही, सगळं मिळून महिनाभर करावं लागतं.

खाज नाही, शिंका नाहीत, पण थंड हवेत गेलं, उग्र वास आला, धूर आला की नाक बंद, असं असेल तर ती ॲलर्जी नसलेली सूज असू शकते, तिथे गादी धुऊन उपयोग नाही, तो चिडवणारा पदार्थ टाळायचा. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर बाकी सगळे उपाय अर्धेच लागू पडतात, हे स्पष्टच सांगते.

इथे वाफ आणि मेंथॉलबद्दल. मेंथॉल हुंगलं की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण मोजून बघितलं तर वाट तेवढीच अरुंद असते. नाकाच्या अस्तरात गारवा ओळखणाऱ्या नसा असतात, आत जाणाऱ्या हवेने अस्तर गार झालं की मेंदूला "श्वास चाललाय" असं कळतं, मेंथॉल थेट त्याच नसांना उठवतं. आराम वाटतो तर घ्या, पण उपचार समजू नका, आणि छोट्या बाळांना मेंथॉल-कापूर लावू नका. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकून वाफ घेताना भाजायचे प्रकार होतात, लहान मुलांना तर अशी वाफ देऊच नका.

मिठाचं पाणी, पण पाणी कुठलं ते आधी

स्वस्त आणि मला सगळ्यात जास्त दिवस उपयोगी पडलेला उपाय हाच. अस्तरावरची धूळ, परागकण, चिकट पाझर धुऊन जातो आणि पुढचा औषधी स्प्रे अस्तराला नीट लागतो.

पाणी नळाचं थेट कधीही वापरायचं नाही, फिल्टरचं दिसायला स्वच्छ असलं तरी नाही. गोड्या पाण्यात क्वचित नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असतो, पोटात गेला तर काही करत नाही पण नाकातून मेंदूत गेला तर जवळजवळ नेहमीच जीव घेतो. क्वचित असलं तरी हा धोका घ्यायचं काहीच कारण नाही. पाणी खळखळून उकळा, निदान एक मिनिट, मी पाच मिनिटं उकळते, झाकून कोमट होऊ द्या. किंवा डिस्टिल्ड वापरा. साधारण २४० मिलिलिटर पाण्यात पाव ते अर्धा छोटा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. झोंबलं तर मीठ कमी-जास्त झालंय, प्रमाण बदला. सिंकवर पुढे वाका, डोकं एका बाजूला कलतं करा, तोंडाने श्वास घ्या, वरच्या नाकपुडीतून अलगद सोडा, खालच्या बाजूने बाहेर येईल. नंतर हळूच शिंकरा, दोन्ही नाकपुड्या दाबून नाही, नाहीतर पाणी कानाकडे जातं. बाटली किंवा नेतीचं भांडं प्रत्येक वेळी उकळलेल्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

नाक इतकं बंद असेल की पाणी पलीकडे जातच नाही, तर जोर लावू नका. कान दुखत असेल, नुकतं नाकाचं किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल तर विचारूनच.

स्टिरॉइडचा स्प्रे: औषध बरोबर, मारायची पद्धत चूक

फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड हे ते. "याने काही झालं नाही" असं मला सांगणाऱ्या दहातल्या आठ जणांनी एकतर चार दिवसांत सोडलेला असतो किंवा तो पडद्यावर मारत असतात. हा स्प्रे नाक लगेच उघडत नाही, हळूहळू सूज उतरवतो, फरक कळायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, रोज न चुकता. स्टिरॉइड शब्दाने घाबरायला होतं, पण मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि फ्लुटिकासोन, मोमेटासोनचा तर फार थोडा भाग रक्तात जातो. तरीही डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करा, आणि लहान मुलांना दीर्घकाळ देत असाल तर डॉक्टर उंचीवर लक्ष ठेवतात, ते ठेवू द्या.

पद्धत अशी. बाटली हलवा, नवी असेल तर हवेत काही फवारे सोडून घ्या. मान थोडी खाली, वर आढ्याकडे नाही. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या. हात असा उलटा वापरला की टोक आपोआप बाहेरच्या भिंतीकडे, म्हणजे त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं, टर्बिनेट तिथेच आहे. सरळ हाताने मारलं की फवारा मधल्या पडद्यावर बसतो, तिथे खपल्या धरतात, घोळणा फुटतो आणि माणूस म्हणतो मला हे औषध सोसत नाही. फवारताना हलका श्वास घ्या, सुर्रकन ओढू नका, घशात चव आली म्हणजे औषध गिळलंत. नाक धुतलं असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबून मग. घोळणा वारंवार फुटायला लागला तर थांबवून दाखवा.

गोळ्यांचं थोडक्यात. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या शिंका, खाज, पाणी यांवर चांगल्या पण चोंदण्यावर कमजोर, त्यामुळे फक्त त्याच घेत असाल आणि नाक उघडत नसेल तर नवल नाही. सर्दीच्या अनेक गोळ्यांत फिनाइलेफ्रिन असतं, २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने ते तोंडाने घेतल्यावर चोंदलेल्या नाकावर परिणामकारक नाही असा निष्कर्ष काढलाय. मॉन्टेलुकास्ट हे ॲलर्जी-दम्याचं औषध दिलं असेल तर झोप, मूड, वागणं यातल्या बदलांवर लक्ष ठेवा, तसा ठळक इशारा त्यावर २०२० पासून आहे, मुलांच्या बाबतीत तर विशेष.

इथून पुढे घरी काही करायचं नाही

पाणी आणि स्प्रे दोन्ही नीट पद्धतीने सहा आठवडे करूनही नाक तसंच असेल तर तज्ज्ञांकडे जा. ते दुर्बिणीने बघतात, आखडवणारं औषध लावून परत बघतात. औषधाने टर्बिनेट बसली तर सूज अस्तराची, नाही बसली तर हाड किंवा पडदा. पडदा एका बाजूला वाकला असेल तर रिकाम्या बाजूची टर्बिनेट वर्षानुवर्षं वाढून ती जागा भरून काढते, त्यामुळे कधी कधी जी बाजू बंद वाटते तिच्या पलीकडे खरी गोष्ट असते. त्वचेवरची ॲलर्जीची टेस्ट सांगितली तर आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नेमके किती ते विचारून घ्या, नाहीतर टेस्ट खोटी कोरी येते.

ऑपरेशनची वेळ आली तर एक प्रश्न नक्की विचारा, टर्बिनेट लहान करणार की काढून टाकणार? रेडिओफ्रिक्वेन्सीने किंवा आतल्या आत खरवडून, वरचं अस्तर राखून ती लहान करता येते, हाड बाहेरच्या बाजूला ढकलता येतं. पूर्ण काढून टाकली तर नाक आतून प्रशस्त होतं पण कोरडं, खपल्यांनी भरलेलं राहू शकतं, आणि काही जणांना वाट उघडी असूनही सतत गुदमरल्यासारखं वाटत राहतं, कारण हवा जाणवून देणारं अस्तरच गेलेलं असतं. नवऱ्याचं पडद्याचं ऑपरेशन झालं आणि टर्बिनेट फक्त थोडी लहान केली, पुढचे काही आठवडे खपल्या पडत होत्या, मग व्यवस्थित. ॲलर्जी असेल आणि तिच्यावर काही केलंच नाही तर ऑपरेशननंतरही सूज काही वर्षांत परत येऊ शकते.

आता धोक्याचं. डोळ्याभोवती सूज, दोन दोन दिसणं, ताप येऊन मान आखडणं, कधी न झालेली भयंकर डोकेदुखी, लगेच दवाखाना गाठा. नाकावर मार लागल्यानंतर दोन्ही बाजू बंद झाल्या तर त्याच दिवशी, पडद्यात रक्त साठलं असेल तर ते तातडीने काढावं लागतं. डोक्याला मार लागल्यावर किंवा नाकाच्या ऑपरेशननंतर पुढे वाकलं की एका बाजूने पाण्यासारखे थेंब गळत असतील तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं येत असेल तर आत काहीतरी अडकलंय असं धरूनच चला, आणि घरातला बटण सेल सापडत नसेल तर मिनिटभरही थांबू नका, तो काही तासांत आतून जाळतो. वयात येणाऱ्या मुलाचं एका बाजूचं नाक बंद आणि वरचेवर जोरात घोळणा फुटतोय, मोठ्या माणसाच्या एकाच बाजूने रक्तमिश्रित येतंय, गाल बधिर होतोय, वास अचानक गेलाय, हे सगळं या आठवड्यात दाखवायचं, पुढच्या महिन्यात नाही. तान्ह्या बाळाचं नाक बंद होऊन दूध ओढता येत नसेल तर लगेच, ती मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. मूल कायम तोंडाने श्वास घेतं आणि घोरतं तर टर्बिनेटसोबत ॲडिनॉइड्सही, म्हणजे नाकाच्या मागे घशाच्या वर असणाऱ्या गाठीही, बघायला सांगा. झोपेत श्वास थांबतोय असं शेजारी झोपणाऱ्याने सांगितलं तर झोपेची तपासणी वेगळी करावी लागते.

जाताना चमच्याचा तो कागद, सगळ्या औषधांचे फोटो आणि कुठलं कधी सुरू झालं त्या तारखा घेऊन जा. आणि दुर्बिणीच्या तपासणीच्या दिवशी सकाळी नाक उघडणारा स्प्रे मारून जाऊ नका, मी एकदा गेले होते, आत सगळं बसलेलं दिसलं आणि "तुमचं नाक तर छान मोकळं आहे" असं ऐकून घरी आले.